कोपऱ्यातली तारीख

त्या घड्याळजीचा गावातल्या टॉवरच्या घड्याळावर असा जीव होता, की हा दुकानात शिंकला तर तिकडे टॉवरचा काटा थरथरायचा, असं लोक सांगत. लोक कशाला खोटं बोलतील!

टॉवरला चावी द्यायचं काम वर्षानुवर्षं त्याचंच. यंदा मात्र नगरपालिकेनं कळवलं, अर्ज ऑनलाइनच हवा, आज पाचच्या आत. नाहीतर घड्याळ उतरवून तिथे दिव्यांचे आकडे लावणार.

जेवण उरकून घड्याळजीनं दुकानातला म्हातारा कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘कनेक्शन सुरक्षित नाही. साइटचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.’

मदत केंद्राला फोन लावला. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,’ म्हणून जी धून लागली ती संपेना. भिंतीवरचे लंबक तिच्या तालावर डोलायला लागले म्हणे. शेवटी एक मुलगी बोलली.

“सर, बंद करून चालू करा.”

केलं. लाल.

“दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा.”

बघितलं. लाल.

“ताई, इथे ‘धोका पत्करून पुढे जा’ असंही लिहिलंय. जाऊ का?”

“मुळीच नको, सर! पासवर्ड टाकायचाय तुम्हाला. बंद करून चालू करा.”

“अहो, एवढ्या वेळा माणूस झोपवला-उठवला असता तर तोही वेडा झाला असता!”

फोन कटला. पुन्हा तीच धून, पुन्हा तीच मुलगी. एव्हाना चार वाजून गेले होते, आणि घड्याळजीच्या कानातून वाफ निघत होती. तिच्यावर चहा उकळला असता, पण बायकोनं तो घरूनच आणला होता.

“अहो, हा कोपऱ्यात कसली तारीख दाखवतोय? तेव्हा तर आपली धाकटी पाळण्यात होती!”

फोनवरच्या मुलीनं ते ऐकलं. “तेच कारण, सर! प्रमाणपत्राला मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर जुन्या काळात बसलाय, म्हणून त्याला ते अजून सुरूच झालेलं दिसत नाही. तारीख बदला.”

बदलली. पान उघडलं. अर्ज अर्धा भरला, आणि दिवे लुकलुकले. कॉम्प्युटर बंद पडून उठला तो थेट पाळण्याशी! पुन्हा तारीख, पुन्हा अर्ज, पुन्हा दिवे.

“सर, मग आतला सेल गेलाय. बटणासारखा गोल असतो बघा.”

घड्याळजीचा चेहरा पडला. सेल गेला नव्हता, त्यानंच नेला होता. बायकोचं बशीएवढं मनगटी घड्याळ बंद पडलं तेव्हा दुकानातले सेल संपले होते. उद्या नवा टाकू म्हणून कॉम्प्युटरमधला काढला, आणि तो उद्या काही उगवला नाही.

“अगं, हात कर जरा पुढे.”

“का? काय झालं?”

“तुझ्या मनगटावरच आहे तो.”

“म्हणजे दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करायची, आणि घरात चोऱ्या!” तिनं हात पुढे केला, पण नजर अशी, की भिंतीवरच्या घड्याळातला कोकीळ दार लावून आत बसला.

सेल बसला. तारीख लागली. दिवे पुन्हा लुकलुकले, पण तारीख हलली नाही. अर्ज भरून पाठवला, ‘अर्ज मिळाला’ अशी हिरवी अक्षरं उमटली, आणि बाहेर टॉवरनं पाचचा पहिला ठोका दिला.

घड्याळजीनं कपाळ पुसलं. “तुझ्या घड्याळाला उद्या नवा सेल टाकतो.”

“तुमचा उद्या माहितीये मला.” बायकोनं बंद घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि खिडकीबाहेर टॉवरकडे बोट दाखवलं. “मी आपली त्याच्यावरच वेळ बघीन. तेवढा तरी बंद पडू देऊ नका.”