ब्याऐंशीचा अहवाल

मी एक पुस्तक बोलतोय. माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘वार्षिक अहवाल १९८२-८३’, पण त्यावर जाऊ नका. ते पुठ्ठे माझे नाहीत. माझं खरं नाव ‘गेटावरचा कागद’. पानं एकशे बारा, कागद हलका, छपाई राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका प्रेसची, आणि शुद्धलेखनाच्या चुका म्हणाल तर पानोपानी.

मला लिहिलं दिनानाथनं. तो इंदूरच्या एका कापड मिलमध्ये विणाई खात्यात कारकून होता. एक्क्याण्णवमध्ये मिलचा भोंगा बंद झाला. मग घरात भिंतीला टेकून, खोकत खोकत, मिलच्याच रद्द झालेल्या हजेरीपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर तो लिहीत बसला. बायको प्रेमलता म्हणायची, “यापेक्षा चार ट्यूशन घेतल्या असत्या.”

“ट्यूशन पोरांना लागते,” तो म्हणायचा. “हे मोठ्यांसाठी आहे.”

माझ्या पाचव्या प्रकरणात एका सकाळची गोष्ट आहे. मिलच्या गेटवर इंग्रजीत टाईप केलेला एक कागद आला. कामगारांना इंग्रजी येत नव्हतं. तो वाचून दाखवला आप्पासाहेबांनी. ते मिलचे टाईमकीपर, आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, गणपतीत ज्यांच्या हातून आरती सुरू होते ते. स्टुलावर उभं राहून त्यांनी सांगितलं, “मिल परत सुरू करायचा विचार चाललाय. सहकार्य म्हणून सह्या पाहिजेत.” कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात खरंच तसं लिहिलं होतं. खालच्या अर्ध्या भागात लिहिलं होतं की सही करणाऱ्यानं आपण होऊन राजीनामा दिला असं समजावं. तो भाग त्यांनी वाचलाच नाही. अठ्ठावन्न जणांनी सह्या केल्या. कुणी अंगठे उठवले.

दिनानाथनं माझ्या तीन प्रती मंडळाच्या लायब्ररीला दिल्या. पहिले सहा महिने मी शेल्फवर टेकलोच नाही. बंद मिलचे लोक मला शर्टाच्या आत घालून न्यायचे. समासात पेन्सिलीनं लिहायचे, ‘बरोबर आहे’, ‘मी पण होतो’. माझ्यावर तेलाचे, चहाचे, तंबाखूचे डाग पडले. पुस्तकाला याहून चांगले दिवस येत नसतात.

मग कुणीतरी आप्पासाहेबांच्या कानावर घातलं की तुमचं नाव छापून आलंय.

समितीची मीटिंग बसली. चौघे म्हातारे, मधे शेवेची ताटली. लायब्ररी सांभाळणाऱ्या मनोरमाबाई मला घेऊन उभ्या.

“आपण वाचलंय का, आप्पासाहेब?” त्यांनी विचारलं.

“वाचायचं काय त्यात? नाव माझं आहे. मला माहितीये आत काय असेल.”

“मी पण नाही वाचलं,” प्रतापराव म्हणाले. यांचे पणजोबा दरबारात होते आणि हे त्यांनी त्या दिवशीही दोनदा सांगितलं. “पण बंदी-बिंदी लिहू नका. आपण काय सरकार आहोत? लिहा, पुनर्विचारार्थ राखून ठेवण्यात येत आहे.”

“आपल्याच लोकांत वाद कशाला,” तिसरा म्हणाला. चौथ्यानं शेव संपवली.

बंदी घालायलासुद्धा थोडी हिंमत लागते. यांच्याकडे तेवढीही नव्हती. आयुष्यभर यांनी पोरांना सांगितलं, वाचा, मोठे व्हा. एक पुस्तक खरंच वाचलं जायला लागलं तर चौघांनी ते शेल्फवरून काढलं.

त्याच थंडीत दिनानाथ गेला. छातीत कापूस साठला होता, दुसरं काय. तेरावं झाल्यावर आप्पासाहेब प्रेमलतेकडे आले.

“वहिनी, सुरभीचं लग्न व्हायचंय. बाप मिलच्या भांडणात होता, हे छापील कशाला राहू द्यायचं? आणि मंडळाच्या बालवाडीत जागा आहे. मी बोलतो समितीशी.”

प्रेमलतेनं पलंगाखालचा गठ्ठा काढून दिला. माझ्या उरलेल्या सगळ्या प्रती, माझे भाऊ, त्यात होते. पंधरा वर्षांची सुरभी तेव्हा शाळेत होती. बाबांचं पुस्तक ती मोठी झाल्यावर वाचणार होती, तसं बाबांनीच सांगितलं होतं. घरी आली तर पलंगाखाली नुसती धूळ. आईशी ती आठवडाभर बोलली नाही.

लायब्ररीतल्या आम्हा तिघांना हरीकडे धाडलं. हरी लायब्ररीची पुस्तकं बांधायचा. पानं फाडून दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना आतून चिकटव, असा हुकूम होता. माझ्यासारखी दोन गेली. मी तिसरा. हरीनं मला उचललं, पाचवं प्रकरण उघडलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. हरी पूर्वी त्याच मिलमध्ये विणकर होता. अठ्ठावन्न सह्यांत एक त्याची होती.

मंडळाच्या शेल्फवर ब्याऐंशीच्या अहवालाच्या सहा प्रती धूळ खात होत्या. आप्पासाहेब त्या वर्षी पहिल्यांदा पदावर आले, म्हणून पुठ्ठे खास मजबूत, पाठीवर सोनेरी अक्षरं. हरीनं त्यातल्या एकीची आतली पानं काढली आणि त्या पुठ्ठ्यांत मला शिवून टाकलं. पांढरा दोरा संपला होता, म्हणून लाल वापरला.

“अहवाल कोणी उघडत नाही, भिया,” तो मला इंदुरी बोलीत म्हणाला. “ज्यांनी लिहिला त्यांनी पण नाही उघडला.”

त्याचं म्हणणं चार वर्षं खरं ठरलं. शहरात फोनचे पीसीओ आले, केबल आली, मिलच्या जागेवर काय बांधायचं याच्या चर्चा आल्या. माझ्याकडे झुरळंसुद्धा फिरकली नाहीत.

अठ्ठ्याण्णवमध्ये सुरभी आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेज सोडलं होतं, बडा गणपती मंदिराजवळ एका पीसीओवर बसायची. काउंटरवर येऊन म्हणाली, “दिनानाथांचं पुस्तक पाहिजे.”

“तसं पुस्तक नाही आपल्याकडे,” मनोरमाबाई म्हणाल्या. नजर रजिस्टरमध्ये.

“होतं.”

“असेल. आता नाही.”

हरी कोपऱ्यात खळ कालवत होता. ती जायला निघाली तसा हळूच बोलला, “बेटा, ब्याऐंशीचा अहवाल माग. लाल दोऱ्याचा.”

अहवाल घरी न्यायचा नसतो, तिथंच बसून वाचायचा असा नियम. म्हणून ती रोज संध्याकाळी यायची आणि लांब टेबलाशी बसून माझी आठ-दहा पानं वाचायची. जास्त नाही. संपू नये म्हणून. समोरच म्हातारे पेपर चाळत बसलेले. तिच्या बापाला ज्यांनी पुरलं, त्यांच्या नाकासमोर ती बापाला वाचत होती. एखाद्या ओळीवर तिचं बोट थांबायचं. ‘इथे बाबा असेच बोलायचे’ असं ते बोट सांगायचं.

एक दिवस आप्पासाहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिचं बोट माझ्या पानावर ताठ झालं. त्यांनी पान पाहिलंच नाही. पाठीवरची सोनेरी अक्षरं पाहिली.

“ब्याऐंशीचा वाचतेयस? शाब्बास. प्रतापराव, बघा. आजकालची पोरं केबल बघतात, आणि दिनानाथची पोरगी अहवाल वाचतेय.”

“रक्त कुठं जातं,” प्रतापराव म्हणाले.

“पंधरा दिवसांनी मंडळाचा सुवर्णमहोत्सव आहे. यातलाच एखादा उतारा तू वाच. माझ्या सुरुवातीच्या काळातला. तुम्ही तरुणांनी वाचलं की लोकांना बरं वाटतं.”

सुरभी हो म्हणाली. हसू दाबताना ओठ पांढरे पडले होते तिचे. चौथं प्रकरण नुकतंच संपलं होतं. आप्पासाहेबांचं नाव पाचव्यात आहे हे तिला हरीनं सांगितलं होतं. पुढे काय आहे ते सांगितलं नव्हतं.

ते तिनं दुसऱ्या दिवशी वाचलं. कागद, स्टूल, सह्या. मग पान उलटलं. तिथं दिनानाथनं लिहिलंय, ‘मी स्टुलाला धरून उभा होतो. कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. मला इंग्रजी येत होतं. खालचा भाग मी वाचला आणि गप्प बसलो. माझी नोकरी ऑफिसात हलवतील असं मला वाटत होतं.’

तिनं मला धाडकन मिटलं. नंतर ती आलीच नाही.

महोत्सवाच्या संध्याकाळी मात्र ती शेल्फसमोर उभी होती. मागे प्रेमलता, इस्त्रीची साडी नेसलेली. शेल्फवर पाच खरे अहवाल आणि सहावा मी.

“सुरभी, खरा अहवाल घे,” प्रेमलता कुजबुजली. हरीनं तिला सगळं सांगून टाकलं होतं. “माझी नोकरी आहे इथं. आणि लोक तुझ्या बापाला काय म्हणतील?”

“तेच म्हणतील जे बाबांनी स्वतःला म्हटलंय. तू वाचलंस का, आई?”

“नाही.”

“मग गठ्ठा दिलास कसा?”

प्रेमलतेनं साडीचा पदर सारखा केला. सुरभीचा हात खऱ्या अहवालावर गेला. बराच वेळ तिथंच राहिला. मग बोटांना लाल दोरा लागला.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत शाली, शेवटच्या रांगेत मिलचे जुने लोक, हरीनं बोलावलेले. सुरभीनं वाचायला सुरुवात केली. ‘आप्पासाहेब स्टुलावर उभे राहिले, तेव्हा सगळे शांत झाले’ या वाक्याला पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांनी मान लववली. दोन वाक्यांनंतर ती मान तिथंच अडकली.

“सुरभी, बस कर,” ते म्हणाले. “वेळ कमी आहे. पुढे नाट्यगीतं आहेत.”

ती थांबली. तिचा अंगठा माझ्या पानाच्या कोपऱ्यावर होता. इथं थांबली असती तर बाप सुटला असता. पान उलटायचं बाकी होतं.

शेवटच्या रांगेतून हरीचा आवाज आला, “पूरा वाच, बेटा. त्या दिवशी पण आधाच वाचला होता.”

आप्पासाहेब उठले, काठी घेतली आणि बाजूच्या दारानं निघून गेले. सुरभीनं पान उलटलं. ‘मला इंग्रजी येत होतं’ हे वाक्य तिनं खाली न बघता म्हटलं.  पुढच्या ओळी वाचताना तिचा आवाज फाटला, पण शेवटापर्यंत गेला. टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या रांगेतला एक म्हातारा विणकर नुसता उठून उभा राहिला. तो कुणासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी सुरभीचं लायब्ररीचं कार्ड रद्द झालं. प्रेमलतेची नोकरी गेली. ती आता पापड लाटते. मनोरमाबाई हरीला सांगत होत्या, की महिनाभर मायलेकी बोलत नव्हत्या. मग एक दिवस लाटता लाटता प्रेमलता म्हणाली, “ते शेवटचं परत म्हण.” सुरभीला पाठ आहे.

आणि मी? मी ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहे, गणपतीच्या मखराखाली, पुनर्विचारार्थ राखून ठेवलेला. किल्ली एकट्या आप्पासाहेबांकडे. दुपारी कुणी नसलं की ते येतात, कपाट उघडतात, मला मांडीवर घेतात. आता ते वाचतात. स्टुलापर्यंत येतात, सह्यांपर्यंत येतात, पानाच्या तळाशी पोचतात आणि मला मिटतात. दर वेळी तिथंच.

पलीकडच्या पानावर, ‘मी गप्प बसलो’च्या खाली, दिनानाथनं लिहिलंय, ‘आप्पासाहेब खोटं बोलले की घाबरले, मला माहीत नाही. त्यांना दोष देऊन मी सुटणार नाही. भेटलो तर दोघं मिळून त्या अठ्ठावन्न घरी जाऊ, असं मनात आहे.’

मला बंद करायचं ते चौघांनी न वाचता ठरवलं, आणि त्यातलं हे पान एकट्या आप्पासाहेबांसाठी होतं. ज्याला कुणाला ही हकीकत कळेल त्यानं मला सोडवायला येऊ नये. कपाटाची सवय होते. त्यानं फक्त कधीतरी दुपारी आप्पासाहेबांच्या शेजारी बसावं आणि सांगावं, आजोबा, पान उलटा.