संध्याकाळची नळी

कापसाची सुरळी दोन मिनिटं तोंडात धरायची आणि तेवढा वेळ बोलायचं नाही, असं सांगितलेलं होतं. सरोजने ती जिभेवर ठेवली आणि तेवढ्यात फिरून आलेल्या तिच्या नवऱ्याने, हिम्मतरावांनी, दारातूनच विचारलं, चष्मा कुठे आहे. तिने बोटाने टीव्हीकडे दाखवलं. तोंडाने उत्तर दिलं नाही, एवढंच कारण पुरलं. ते चार पावलं पुढे आले आणि त्यांनी उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. हातातली अंगठी ओठात घुसली.

सुरळी लाल झाली होती. सरोजने ती तशीच नळीत घातली, झाकण लावलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं, आणि नळी फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली. सुलतान बाजारच्या मराठी शाळेत तिने एकतीस वर्षं शिकवलं होतं. सांगितलेलं काम वेळेवर करायची सवय हाडात होती.

ती एकाहत्तर वर्षांची, हिम्मतराव शहात्तरचे. दिवाणी कोर्टात त्यांच्या नावाला वजन होतं. अजूनही नामपल्लीच्या रस्त्यावर कुणी ना कुणी थांबून ‘वकीलसाब, आदाब’ म्हणायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दोघंच राहत. मुलगा मकरंद आणि सून वृषाली कोंडापूरला.

एका हॉस्पिटलच्या अभ्यासात दोघांची नावं हिम्मतरावांनीच घातली होती. म्हाताऱ्या माणसांच्या अंगात ताणाचं संप्रेरक दिवसभरात कसं चढतं-उतरतं आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या तब्येतीशी त्याचं काही नातं आहे का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. तीन दिवस, रोज चार वेळा लाळेचा नमुना; नंतर डोक्याचा एमआरआय. डोकं फुकटात तपासून मिळतंय आणि वर लोक ‘सर, सर’ करतायत, याचा हिम्मतरावांना आनंद होता. सरोजसमोर त्यांनी कागद सरकवला आणि बोट ठेवून सांगितलं, इथे सही कर.

मकरंदला या एमआरआयकडून वेगळीच आशा होती. आईने एकदा, एकदाच, फोनवर त्याला सांगितलं होतं की बाबांचा हात आता फार उठतो. त्याने सांगितलं होतं की बाबांचं वय झालंय, मेंदूत काहीतरी बिघडलं असणार, या वयात माणसं अशी होतात. तिने आठवण करून दिली की तू पाचवीत असताना माझा हात मोडला होता, तेव्हा बाबा चाळीसचे होते. मकरंद म्हणाला होता, तू जिन्यावरून पडली होतीस ना. मग त्याची मीटिंग सुरू झाली.

नळ्या न्यायला हॉस्पिटलमधून मेघना यायची. सव्वीस वर्षांची, इथल्याच मराठी घरातली. घाईघाईत तेलुगू आणि दख्खनी मिसळून बोलायची. आठवड्याने ती परत आली.

“काकू, इव्हिनिंगचे तिन्ही ट्यूब लॅबवाले रिजेक्ट केले,” ती म्हणाली. “ब्लड आहे बोलून. तुमच्या हिरड्या खराब आहेत काय?”

सरोज म्हणाली, हौ, ब्रश जोरात लागतो. मेघना तिच्या ओठाकडे बघत राहिली. मग तिने नव्या नळ्या टेबलावर ठेवल्या आणि आपला मोबाइल नंबर डब्याच्या झाकणावर लिहून दिला. शेजारच्या खुर्चीत हिम्मतराव वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं नव्हतं.

ती लिफ्टमध्ये शिरल्याचा आवाज आला, तसे ते उठले. सरोजचा हात त्यांनी दाराच्या चौकटीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने दार ओढलं. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज तिला आधी आला, दुखणं मागून आलं. चार लोकांत माझी अब्रू चव्हाट्यावर मांडतेस, एवढंच ते म्हणाले, आणि तेही आवाज न चढवता.

त्यानंतरच्या तीन संध्याकाळी नळ्या स्वच्छ गेल्या. तोंडाला हात लावायचा नाही, एवढं वकीलसाहेबांनी ठरवलेलं दिसलं. ते पाठीवर मारत, बरगड्यांवर मारत, साडीखाली झाकलं जाईल तिथे मारत. सरोज भिंतीला टेकून सुरळी तोंडात धरायची, आणि श्वास घेताना बरगडीत कळ आली तरी दोन मिनिटं पुरी करायची. का करते आहे, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पण त्या घरातून बाहेर जाणारी तिची तेवढीच एक गोष्ट होती.

निकालाच्या दिवशी मकरंदने सुट्टी घेतली. डॉक्टरबाईंनी आधी हिम्मतरावांच्या मेंदूची चित्रं पडद्यावर लावली. कुठे डाग नाही, कुठे सूज नाही, कुठे आकसलेलं नाही. या वयाला इतकं चांगलं डोकं क्वचित दिसतं, असं त्या म्हणाल्या. हिम्मतराव हसले आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. मकरंद हसला नाही. त्याने पुन्हा विचारलं, नक्की काही नाही? राग येणं, भडकणं, याचं कारण होईल असं काहीच नाही? डॉक्टरबाईंनी सांगितलं की या चित्रांत तरी त्यांना तसं काही दिसत नाही.

मग सरोजची चित्रं लागली. आतल्या भागात पांढरे ठिपके विखुरले होते, खूप होते, आणि दोन ठिकाणी रक्त न पोचून मेलेल्या पेशींच्या जुन्या, मोहरीएवढ्या खुणा होत्या. तिला रक्तदाब नव्हता, साखर नव्हती. डॉक्टरबाईंनी दुसरा कागद काढला. ते संप्रेरक एरवी सकाळी चढतं आणि दिवस कलेल तसं उतरत जातं. सरोजचं सकाळी खालीच असायचं आणि संध्याकाळी उसळायचं. एका माणसाच्या आकड्यांवरून कशामुळे काय झालं हे मी सांगू शकत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सरोजला हळूच विचारलं,

“संध्याकाळी सहाला घरी काय होतं?”

सरोजने तोंड उघडायच्या आत हिम्मतरावांनी उत्तर दिलं.

“मी फिरून येतो.”

आपण काय बोलून गेलो, हे हिम्मतरावांना सगळ्यांत शेवटी कळलं.

मकरंदने दोघांना गाडीने घरी आणलं. घरात शिरल्यावर त्यांनी चपला काढल्या, दार लावलं, आणि मकरंद पाणी प्यायला स्वयंपाकघरात वळला तोच सरोजचे केस मागून धरून तिचं डोकं लोखंडी कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. भुवईच्या वर कातडी फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. मकरंद लहानपणापासून अशा वेळी दुसऱ्या खोलीत जात आला होता. त्या दिवशी तो धावत बाहेर आला.

त्याने बापाचा हात धरला. हिम्मतरावांनी त्याच्या कानाखाली मारली. त्यानंतर मकरंदने जे केलं ते सरोजला एका डोळ्यानेच दिसलं, पण पुरेसं दिसलं. कोपऱ्यातली काठी त्याने उचलली आणि बापाच्या खांद्यावर मारली. हिम्मतराव खाली बसले तरी तो मारत राहिला, मनगटावर, गुडघ्यावर, पाठीवर. त्यांनी हात जोडले तरी थांबला नाही. त्याचा जबडा डावीकडे सरकला होता आणि तो एक शब्द बोलत नव्हता. हिम्मतरावांचा जबडा असा सरकला की पुढे काय होतं, हे सरोज अठ्ठेचाळीस वर्षं बघत आली होती. तो चेहरा आता तिच्या मुलाचा होता.

ती मध्ये पडली. एक फटका तिच्या दंडावर बसला, तेव्हा काठी थांबली.

“ठेव ती,” ती म्हणाली. “माझ्यासाठी मारतोयस असं समजू नकोस.”

मकरंद धापा टाकत उभा राहिला. सरोजने पदर भुवईवर दाबला आणि दुसऱ्या हाताने मेघनाला फोन लावला. मेघनाने आधी पोलिसांना कळवलं आणि मग स्वतः रिक्षाने आली.

ठाण्यात लिहून घेणारी हवालदारबाई तरुण होती. सरोज हिंदीतून सांगत गेली, ती तेलुगूत लिहीत गेली. नवऱ्याने काय केलं, ते तारखांसकट. मोडलेली करंगळी, छत्तीस वर्षांपूर्वीचा मोडलेला हात, बरगड्या. मग ती मुलाकडे आली. मकरंद बाकावर शेजारीच होता. तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला, “आई, माझं राहू दे. मी तुला वाचवलं.”

सरोजने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची दया आली, आणि त्या दयेनेच आजवर काय काय झाकलं, तेही आठवलं. ती हवालदारबाईकडे वळून म्हणाली की नवरा हात जोडत होता, तरी मुलाने त्याला काठीने मारलं, तेही लिहा. नवऱ्याचं मनगट मोडलंय. लिहा.

हिम्मतरावांना प्लॅस्टर घालून त्यांचे धाकटे भाऊ परभणीला घेऊन गेले. खटला उभा राहिला, तारखा पडतायत. मकरंदवर वेगळी नोंद झाली आणि त्याने आईशी बोलणं टाकलं. डोक्यातले ठिपके जाणार नाहीत, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं; वाढू नयेत एवढंच बघायचं. सरोज संध्याकाळी दार आतून लावून घ्यायची आणि जिन्यात पाऊल वाजलं की अजूनही हातातलं काम टाकून उभी राहायची.

तीन आठवड्यांनी एका दुपारी वृषाली एकटीच आली. पाणी घेतलं नाही, बसली नाही.

“आई, तक्रारीत त्यांचं नाव का घातलंत?” तिने विचारलं. “तुमच्याच बाजूने उभे राहिले ना ते?”

सरोजने त्या दिवशी काय दिसलं ते तिला सांगितलं. जबडा कसा सरकला, काठी कशी थांबली नाही, सगळं. वृषाली ऐकत होती. ऐकता ऐकता ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“मागच्या वर्षी,” ती म्हणाली. “एकदाच. नंतर रडले ते.”

“मीही माझ्या आईला ‘एकदाच’ असंच म्हणाले होते,” सरोज म्हणाली.

वृषालीने मान वर केली नाही. सरोजने उठून तिच्यासमोर भाताचं ताट वाढलं आणि आतल्या खोलीतल्या पलंगावरची स्वतःची उशी उचलून तिच्यासाठी नवा अभ्रा घातलेली उशी ठेवली. वृषालीने दोन घास खाल्ले, मग पर्समधून फोन काढला, तो बंद केला आणि विचारलं की दोन दिवस राहिले तर चालेल का.