सात नावं जास्त

चारुतानं एंटर दाबलं आणि तयार झालेल्या फायलीतला आकडा पाहिला. दोनशे एकोणीस. साइटवर मात्र दोनशे बाराच मुली दिसत होत्या.

समाजाच्या वधू-वर मंडळाची जुनी साइट महिनाअखेर बंद होणार होती. त्याआधी तिच्या पानांमधली नावं, गावं, फोन नंबर काढून एका फायलीत भरायचे, म्हणजे नव्या यादीसाठी फोन करता येतील, असं मंडळाच्या लक्ष्मणरावांनी सांगितलं होतं. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत समाजातली पायथनमध्ये प्रोग्राम लिहिता येणारी एकच बाई, आणि तीही शेहेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, याची त्यांना गंमत वाटली होती. तिलाही वाटली. आईच्या पलंगाशी बसून, व्हिडिओ बघबघून ती हे शिकली होती.

तिनं लिहिलेली स्क्रिप्ट साधी होती. वेब पानाच्या मजकुरात कोनकंसातल्या खुणा असतात. त्या पुसायच्या, उरेल ते ठेवायचं. पण उरलेल्यात मधेमधे एक भटका बाण राहिला होता, दोन आडव्या रेघा आणि कंस. मग तिच्या लक्षात आलं. पानातला एखादा भाग लोकांना दिसू नये असं वाटलं, की त्याला दोन्हीकडून खुणा घालून झाकतात. तो पानातच राहतो, फक्त दिसत नाही. तिच्या स्क्रिप्टनं झाकणंही पुसून टाकली होती.

"घ्या," ती स्वतःशीच हसली आणि बाण शोधू लागली.

पहिलं नाव मयुरी घोडमारे, गिरड. दुसरं हिंगणघाटचं. तिसऱ्याशी तिचा हात थांबला.

चारुता माणिकराव वैरागडे. जन्म १९७९. बी.ए. खाली, पान करणाऱ्यानं स्वतःसाठी लिहून ठेवलेली ओळ: भावाचा फोन, १४ मार्च २०११. आईजवळ कोणी नाही. दाखवू नये.

तिनं चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच होती.

तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. फॉर्म तिनं हातानं भरला, सुट्टीत घरी आलेल्या दादानं नेऊन दिला. एकाही घरून फोन आला नाही, तेव्हा तिनं सगळा दोष फोटोतल्या नाकाला दिला होता.

दादा, म्हणजे अच्युत, समोरच्या खोलीत पेपर अंथरून मेथी निवडत होता.

"दादा, २०११त तू मंडळात फोन केलता?"

कुठला फोन, असं त्यानं विचारलं नाही.

"काय जुनं काढून राह्यली, चारू."

"केलता का नाई, एवढंच सांग."

"मी चंद्रपूरले होतो तेव्हा. आईनं सांगतलं म्हणून केलता." तो मेथीकडे बघत म्हणाला. "मले वाटलं, तुले मालूम असन."

आई तेव्हा धडधाकट होती. अंथरुणाला खिळली ती तीन वर्षांनी. मग दहा वर्षं चारुतानं तिला कुशीवर वळवलं, न्हाऊमाखू घातलं. शेवटी शेवटी आई तिचा हात धरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माह्या पोरीचं नशीबच खोटं.

चारुता परत खुर्चीत येऊन बसली. झाकलेला भाग झाकणासकट काढून टाकायला स्क्रिप्टमध्ये एकच ओळ घालावी लागत होती. तिनं ती टाइप केली. खोडली. मयुरीच्या नावाखालीही एक ओळ होती: वडिलांचा फोन. थांबवा.

तिनं नंबर लावला.

"हॅलो, कोन?" बाईचा आवाज. मागं कोणी म्हातारं माणूस खोकत होतं.

"मी चारुता, वर्ध्याहून. समाजाच्या मंडळाकडून. मयुरीताई ना? नवीन यादी करतोय. तुमचं नाव ठेवायचं का, विचारायचं होतं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माहं नाव? हाय तिथं?"

"आहे."

"अवं बाई! बाबा म्हनत, मंडळवाल्यायनं फॉर्मच हरवला. मी किती शिव्या देल्या तुम्हाले." ती हसत होती, की हसण्यासारखं काही करत होती. मग खोकणाऱ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मंडळातून फोन हाय!"

खोकला थांबला.

"आता सापडला का वं, ताई?" तिनं विचारलं.

चारुतानं दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली.

"हो," ती म्हणाली. "आजच सापडला."