अकरावी जबानी

मेलेनाइतेने सकाळपासूनची सतरावी 'परवानगी द्या' दाबली आणि अठरावी विनंती लगेच येऊन उभी राहिली. वावाऊ बेटावरच्या मदत केंद्रातली बाई विचारत होती, फाईल उघडत का नाही. तिला परवानगी कालच दिली होती. ती नेहमीसारखी नवऱ्याच्या ईमेल पत्त्यावरून आत शिरायला बघत असणार. मेलेनाइतेने फोन लावला.

"अगं, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावरून उघड ना."

"तो कोणता?"

"जो मी तुला तीनदा लिहून दिलाय, तो."

"चिडू नकोस बाई. कागद होते तेव्हाच बरं होतं. कपाट उघडलं की झालं."

फोन ठेवेपर्यंत आणखी तीन विनंत्या आल्या होत्या. नवऱ्याचा मार खाणाऱ्या चौदा बायकांच्या जबान्या, नावं काढून टाकलेल्या, दुपारी चारच्या आत वेलिंग्टनला जायच्या होत्या. त्याआधी प्रत्येक केंद्राने आपापला भाग तपासायचा होता, आणि प्रत्येकाला दार उघडून द्यायचं काम एकट्या मेलेनाइतेकडे होतं. ती नुसती थकली नव्हती, विटली होती. शेवटी तिने ऑफिसची अख्खी यादी उचलली, एकतीसच्या एकतीस पत्ते चौकटीत ओतले, 'बदल करू शकतील' यावर टिचकी मारली आणि खुर्चीत मागे रेलली. फोन गप्प झाला.

समोरच्या टेबलावरच्या लुपेने चष्म्यावरून पाहिलं. लुपे या ऑफिसात वीस वर्षं होती आणि तिच्या बशीत कायम केके, पिठाचे तळलेले गोड गोळे, असत.

"एकदम शांत झालं. काय केलंस काय?"

"सगळ्यांना दिली. घाला म्हणावं काय गोंधळ घालायचा तो."

"सगळ्यांना म्हणजे?"

"यादीतल्या सगळ्यांना, लुपेताई."

लुपेने तोंडाशी नेलेला केके बशीत परत ठेवला. "यादीत खालचेही आहेत ना गं?"

खाली लिसिआते बसायचा, मेलेनाइतेचा मोठा भाऊ. ऑफिसच्या गाड्या आणि बेटांवर जाणाऱ्या बोटी तो सांभाळायचा. सहा वर्षं दोघं एकाच इमारतीत होती, पण एका खोलीत कधी बसली नव्हती. इथे राजधानीत, नुकुअलोफात, बऱ्याच घरांनी हे आता सैल सोडलंय. यांच्या आईने मात्र शेवटपर्यंत घट्ट धरलं होतं. भाऊ बहिणीला मान देतो तो दुरूनच. तिचा संसार, तिचं दुखणंखुपणं यातलं काही त्याच्या कानावर पडायचं नाही. त्याचा निरोप लुपे वर आणायची, हिचा खाली न्यायची.

आणि अकरावी जबानी मेलेनाइतेची स्वतःची होती.

नाव नव्हतं, गावही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं ते त्यात होतं. चर्चच्या पायरीवरून घसरले असं सगळ्यांना सांगितलं, भावाने गाडीत घालून दवाखान्यात नेलं, वाटेत एक शब्द विचारला नाही, हेही होतं. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. लिसिआतेला दोन ओळींत कळणार होतं.

"मला मनगटावरून कळलं होतं," लुपे हळूच म्हणाली. "काढ त्याला यादीतून. अजून उघडली नसेल."

मेलेनाइतेने फाईल उघडली. वरच्या कोपऱ्यात, आत्ता आत कोण आहे ते दाखवणारी रंगीत वर्तुळं होती. वावाऊची बाई पोचली होती एकदाची. तिच्या शेजारी हिरवं वर्तुळ होतं आणि त्यावर लिसिआतेचं नाव.

ती ताडकन उठली. तो जणू दारातून आत आला होता. मान राखायला कमरेभोवती बांधायची विणलेली कीकीए तिने सारखी केली आणि सवयीने खोलीबाहेर गेली, व्हरांड्यात. तिथे गेल्यावर तिला कळलं की बाहेर येऊन काहीच होणार नव्हतं. तो आत वाचतच होता.

तिला भयंकर लाज वाटली. नवऱ्याने, फेलेतीने, हात उगारला तेव्हाही इतकी वाटली नव्हती. लाजेच्या मागून भीती आली. लिसिआतेचा हात जड होता. तो बंदरावर जाऊन फेलेतीला गाठणार, मग पोलीस, मग तुरुंग, आणि हे सगळं तिच्या एका टिचकीपायी.

लुपे तिच्यामागे आली. "मी खाली जाऊन बघते."

"काय बघणार? विचारणार त्याला, वाचलंस का म्हणून?"

"काही विचारत नाही. नुसता चहा देऊन येते."

लुपे गेली आणि तसाच भरलेला कप घेऊन वर आली.

"घेतला नाही. गाडीच्या मागच्या भागातले खोके उतरवतोय. सगळे."

"बंदरावर निघाला असेल."

"मी विचारलं, कुठे निघालास. म्हणाला, पाचला सांगतो."

मेलेनाइते आत आली आणि खुर्चीत बसली. हिरवं वर्तुळ गेलं होतं. निदान आता तरी त्याला काढावं म्हणून तिने यादी उघडली. एकदा वरून खाली पाहिलं, एकदा खालून वर. मग मोजली. तीस नावं होती.

"लुपेताई, तू काढलंस त्याला?"

"मला कुठे येतं ते?"

तिने फाईलचा इतिहास उघडला. तिथे सगळं वेळेसकट लिहिलेलं असतं. वावाऊच्या बाईने स्वल्पविराम घातले होते, पाच-सहा, सगळे चुकीच्या जागी. दहा चव्वेचाळीसला लिसिआतेने फाईल उघडली होती. अकरा वाजून नऊ मिनिटांनी त्याने स्वतःचं नाव यादीतून काढलं होतं. आणि त्याआधी एक मिनिट, अकराव्या जबानीत, एक शब्द बदलला होता.

प्रत्येक जबानीच्या शेवटी ठरलेला प्रश्न होता: घर सोडावं लागलं तर जायला सुरक्षित जागा आहे का? तिने त्यापुढे 'नाही' लिहिलं होतं. आईवडिलांच्या घरात आता लिसिआते आणि त्याची बायको राहायची, आणि भावाच्या छपराखाली परत जायचं म्हणजे का आलीस ते सांगावं लागणार. ते सांगता येत नाही, म्हणून नाही.

तो शब्द खोडलेला होता. पुढे लिहिलं होतं, 'आहे'.

लुपे तिच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. तिने नाक ओढलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ऑफिसचं माणूस होऊन म्हणाली,

"जिची जबानी, तिच्याशिवाय कुणी अक्षर बदलायचं नाही. नियम आहे आपला. जुनं परत आणायचं बटण असतं ना?"

"असतं."

"मग?"

बटण तिथेच होतं, बोटाखाली. खाली गाडीचं मागचं दार धाडकन लागलं. मोकळ्या गाडीचं दार असंच वाजतं.

मेलेनाइते शेवटच्या पानावर गेली. तिथे चौदा जणींची बेरीज होती: किती जणींची हाडं मोडली, किती पोलिसांकडे गेल्या, किती जणींना जायला जागा आहे. शेवटच्या ओळीपुढे 'चार' होतं. तिने ते खोडलं आणि 'पाच' लिहिलं.