तांबडीनं पान्हा चोरला

"बादली उचल!"

"नाही उचलत."

सकाळी सकाळी कुंपणापलीकडून हे दोन आवाज आले आणि माझ्या हातातला झाडू जागच्या जागी थांबला. पलीकडचं घर मुकादमाचं. म्हाताऱ्यानं उभा जन्म दगडाच्या खाणीवर मुकादमकी केली. खाण सुटली, पण मुकादमकी काही सुटली नाही. गळ्यात अजून शिट्टी लटकलेली. चहाला शिट्टी, जेवायला शिट्टी, दिवा मालवायला शिट्टी. पोटचा मुलगा गवंडी, पण बापासमोर तोंडात सिमेंट भरल्यासारखा गप्प. शिट्टीला भीक घालत नव्हती ती एकटी सून. कामाला वाघीण, पण सगळं उरकायची ते शिट्टी वाजायच्या आधी.

भांडण पेटलं होतं दुधाच्या गाडीवरून. इतके दिवस गाडी उन्हं वर आल्यावर यायची. सून पहाटे उठून चर्चला जायची, मिस्साची उपासना ऐकायची, घरी येऊन तांबडी गाईची धार काढायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग गाडीवाल्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, गाडी लवकर सुटायला लागली, ती नेमकी मिस्साच्या वेळेला दारात. त्याच्याही आधी धार काढावी म्हटलं, तर तांबडी अंधारात हात लावू देत नाही. म्हणजे आता एक तर देव, नाही तर दूध.

"रविवारी जा की! कोण नको म्हणतंय?" मुकादम ओरडत होता. "रोज रोज देवाच्या दारात जाऊन बसायला तू काय नन आहेस?"

"नन असते तर तुमच्या गाईचं शेण कुणी काढलं असतं, मामंजी?"

मी कुंपणाआड तोंडावर हात धरला. मला हसू आवरेना.

"जीभ बघा कशी चालते! गाडी निघून गेली तर दूध काय त्या फादरला पाजायचं?"

"अर्धा तास मागतेय मी. उठल्यापासून झोपेपर्यंत या घराचीच आहे. चूल माझी, गोठा माझा, तुमच्या मुलाचे सिमेंटनं कडक झालेले कपडे माझे. तेवढा अर्धा तास देवाचा. तो मी कुणाला देणार नाही. धार तुम्ही काढा, हात आहेत तुम्हाला."

"मी? अगं, शंभर माणसं नाचवलीत या बोटावर!"

"मग एक गाय नाचवा."

मला वाटलं, आता म्हातारा फुटणार. पण त्याचा आवाज एकदम खाली आला, आणि तोच जास्त लागला. "तुझी सासू पण जायची. रोज. या गोठ्यातही तोंडानं तेच चालू असायचं. खाणीची धूळ छातीत भरली आणि खोकून खोकून गेली बिचारी. काय दिलं तुझ्या देवानं तिला?"

 सासूचं शेवटच्या दुखण्यातलं सगळं सुनेनंच केलं होतं.

"मिळवायला जात नाही मी," ती म्हणाली. "बाजार आहे का तो? आणि सासूबाईसुद्धा मिळवायला जात नव्हत्या. तुम्ही कधी विचारलंत का त्यांना?"

एवढं बोलून तिनं बादली त्याच्या पायाशी सरकवली, डोक्याला रुमाल बांधला आणि चालायला लागली. मागून शिट्टी वाजली. जोरात, दोनदा. पुढून चर्चची घंटा वाजत होती. ती घंटेकडे गेली.

आता मुकादम काही धार न काढता येणारा माणूस नव्हे. तरुणपणी काढायचाच. बाह्या सरसावून बसला. कास धुतली, वासरू लावलं. तांबडीनं पान्हा सोडला, वासराच्या तोंडाला फेस आला. यानं वासरू ओढून बाजूला बांधलं, सड हातात घेतले, आणि तांबडीनं कास अशी आखडली की थेंब नाही. पुन्हा वासरू लावलं, पुन्हा पान्हा. पुन्हा हा बसला, पुन्हा कोरडं. तिसऱ्यांदा तिनं बादलीलाच लाथ घातली. बादली गडगडत माझ्या कुंपणापर्यंत आली.

"हाणू का तुला?" मुकादम गरजला.

तांबडीनं शेपटी उडवली, ती बरोबर त्याच्या तोंडावर बसली. गाडी आली आणि भोंगा वाजवून दूध न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. गावभर बोभाटा झाला. नळावर बायका म्हणायला लागल्या, मुकादमाला बघून गाईचंसुद्धा दूध आटतं. आणि म्हाताऱ्यानं निराळंच टुमणं लावलं: "सुनेनंच गाय फितवली! काहीतरी शिकवलंय तिला!" नाचता येईना, अंगण वाकडं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गवंड्याच्या तोंडातलं सिमेंट फुटलं. दोघं नवराबायको माझ्या कुंपणापाशी लाकडं रचत होती.

"थोडे दिवस नको जाऊस ना," तो हळूच म्हणाला. "बाबांचा राग शांत होईपर्यंत. देव काय, समजून घेईल."

"देव समजून घेईल," ती म्हणाली. "तो सगळ्यांचंच समजून घेतो, म्हणून जो तो त्याच्याच वेळेवर हात मारतो. तुझ्या मालकाला सांगून बघ, आज कामावर येत नाही, समजून घ्या. सांगशील?"

तो हातातलं लाकूड उलटंसुलटं करत राहिला.

"आज मी थांबले ना, तर उद्या दुसरं काहीतरी निघेल. परवा तिसरं. कामं काय, मेल्यावरच संपतात. मी दमते रे. तिथं जाऊन गुडघे टेकते तेव्हा कुठं पुन्हा माणसात येते. ते काढून घेतलंत तर मागे राहील ती नुसती मोलकरीण. चालेल तुला?"

गवंड्यानं लाकूड खाली ठेवलं. "नाही," एवढंच म्हणाला. मला त्या मुलाचा इतके दिवस राग यायचा, तो त्या एका शब्दानं निम्मा उतरला.

"आणि गाईला काही फितवलेलं नाही मी," ती आवाज चढवून म्हणाली. आत म्हाताऱ्याला ऐकू जावं, हा हिशेब. "मी धार काढताना रोझरी म्हणते, मारिया मातेचा जप. सासूबाई म्हणायच्या तशीच. दोन्ही हात गुंतलेले, मणी कुठून धरणार? म्हणून एका धारेला एक शब्द. तांबडी स्वतः वासरू होती तेव्हापासून तिला तेच ऐकायची सवय. ते ऐकलं की ती निवांत होते. ज्याला दूध पाहिजे त्यानं म्हणावं!"

घरातून म्हाताऱ्याचा आवाज आला, "गाईवरून थट्टा चालवलीय का माझी?"

पण चौथ्या सकाळी मी झाडू घेऊन अंगणात आले (अंगण तसं झाडून झालं होतं, खोटं कशाला बोलू) तर गोठ्यातून गाणं ऐकू येत होतं. खाणीवर दारू पिऊन माणसं म्हणायची तसलं गाणं! मुकादमानं ते रोझरीच्या चालीवर, हळू आवाजात, डोळे मिटून चालवलं होतं. गाईला काय कळतंय, असा त्याचा डाव.

गाईला कळलं. बादली पुन्हा माझ्या कुंपणाला लागली.

तो बादली उचलून परत गाईपाशी जाऊन बसला. मग तो बोलला, कुणावर तरी उपकार केल्यासारखा.

"नमो मारिये. कृपापूर्णे."

 पुढचं आठवत असावा. लग्नाला आणि मयतालाच चर्चची पायरी चढणारा माणूस तो, आणि तेव्हाही मागच्या बाकावर. अडखळत, मध्येच शिवी घालत, तो पुढं सरकला. एकदा, दोनदा, पाचदा. आणि मग मी कानांनी ऐकलं, बादलीच्या पत्र्यावर पहिली धार वाजली. मग दुसरी. मग धारा लागल्या.

"पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या..."

तिथं तो थांबला. धारही थांबली. बायको जाताना तिच्या उशाशी हीच प्रार्थना चालली होती, तेव्हा हा बाहेर शिट्टी मुठीत धरून उभा होता. आत आलाच नाही. मी होते तिथं, म्हणून सांगते.  आताही मला वाटलं, उठेल आणि जाईल.

"मरणाच्या वेळी," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "विनंती कर. आमेन."

गाडी आली तेव्हा बादली भरलेली होती.

सून मिस्साहून परतली. तिनं बादली पाहिली, म्हाताऱ्याचे लाल डोळे पाहिले. टोमणा मारायचा हक्क होता तिला, पण नाही मारला. चहा केला, आणि त्याच्या कपात साखर थोडी जास्त घातली.

इथंच गोष्ट गोड झाली असती, पण तो मुकादम आहे. रात्रभर विचार करून त्यानं नवी वाट काढली. पाचव्या सकाळी सून रुमाल बांधत होती, तर हा दारात आडवा.

"सूनबाई, मला पटलं. प्रार्थना पाहिजे. माणसाला पाहिजे, गाईला पाहिजे."

"बरं झालं."

"मग आता चर्चला कशाला जायचं? देव गोठ्यात येतो, मी अनुभवलंय. अगं, तो जन्मलाच गोठ्यात! तू इथं बस, धार काढ, प्रार्थना म्हण. देवही राहील, दूधही राहील."

खरं सांगते, मी कुंपणाशी गार पडले. म्हाताऱ्यानं देवालाच तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं. आता ही काय बोलणार?

सुनेनं रुमालाची गाठ मारली.

"जन्मला गोठ्यात, मामंजी. पण तिथंच बसून राहिला का? उठला, बाहेर पडला, चारचौघांत गेला. घरच्यांनी अडवलं, तरी गेला. गोठ्यात तो मला रोजच भेटतो, पण तिथं मी त्याच्याशी बोलते ते काम करता करता. दिवसातून एकदा तरी मोकळ्या हातांनी जाईन त्याच्यापुढं." तिनं बादली उचलली आणि त्याच्या हातात दिली. "सरका."

तो सरकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी नळावर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

ती ताठ मानेनं रस्त्यानं निघून गेली. मुकादम तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला, मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गोठ्यात शिरला. थोड्या वेळानं नमो मारिये सुरू झालं. आज कालच्यापेक्षा बरं चाललं होतं. दहा वेळा म्हणून झालं आणि गाडं अडलं.

"अक्का!" कुंपणापलीकडून हाक आली. "उभी आहेस ना तिथं? माहितीय मला! दहादा म्हणून झालं की पुढं काय म्हणायचं?"

मला येत होतं. पण मी सांगितलं नाही. म्हटलं, "एकट्यानं कशाला आठवता? चर्चमध्ये या, मुकादम. तिथं सगळे मिळून म्हणतात."

तो शिवीच हासडणार होता, श्वाससुद्धा भरून घेतला होता. पण सड हातात होते आणि गाय ऐकत होती. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.