यमुताईंच्या वहीचं उजवं पान

मित्रांनो, सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ एका घरात बाजाच्या पेटीच्या वरच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. त्या पिशवीत मी राहते. मी एक जुनी वही आहे. माझ्या पानांना अजून बुक्क्याचा वास येतो. उघडून पाहाल तर दोन-तीन पानांवर प्रसादाच्या तुपाचे डागही दिसतील.

माझा जन्म महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत, प्रेमानंद बाइंडर यांच्या दुकानात झाला. त्यांनी कोरे ताव मोजून दुमडले, दोऱ्याने शिवले, खळ लावून पुठ्ठा चढवला आणि वर लाल कापड ओढून बसवलं. यमुताई मला न्यायला आल्या तेव्हा त्यांनी आधी मला मधोमध उघडून पाहिलं.

"प्रेमानंदभाऊ, सपाट उघडते ना गा? मले दोन्ही पानं एका वेळी दिसली पाहिजे."

"चाळीस वर्षं शिवून राहिलो, ताई. डावं-उजवं एकाच दोऱ्यात आहे. एक फाडलं तर दुसरंही निघंन."

यमुताईंची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. नेमकं ऐकायचं आणि नेमकं टिपायचं, ही त्यांच्या हाताची सवय. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला कीर्तनाला वाहून घेतलं. वस्तीच्या राममंदिरात दर एकादशीला कीर्तन होई आणि मी त्यांच्या मांडीवर असे. तुम्ही कधी कीर्तन ऐकलं आहे का? त्याचे दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, त्यात बुवा बोध सांगतात. मग थोडा थांबा असतो. त्या वेळी बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, सगळे मिळून नामाचा गजर करतात. त्यानंतर उत्तररंग. त्यात बुवा एक आख्यान लावतात आणि आधीचा बोध माणसाच्या जगण्यात कसा खरा उतरला ते दाखवतात. यमुताई पूर्वरंग माझ्या डाव्या पानावर लिहीत आणि उत्तररंग उजव्या. उत्तररंग ऐकल्याशिवाय उजव्या पानावर त्यांनी कधी टिंबसुद्धा दिलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या कीर्तनाला पेटीची साथ सोनिका करी. यमुताईंच्या वरच्या खोलीत तिचे वडील तोलारामजी आणि ती भाड्याने राहत. ते सिंधहून आलेले. आपल्या देशाने एक तारीख ठरवली होती. त्या तारखेच्या आत जे आले त्यांना नागरिकत्वाचा कागद लवकर मिळणार होता. तोलारामजींचं सामानही बांधून झालं होतं. पण निघायच्या दोन दिवस आधी त्यांची आई गेली. आईचे बारा दिवस केल्याशिवाय लेक घर कसं सोडेल? दिवस पूर्ण करून ते सीमेवर पोहोचले तेव्हा ती तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. सोनिका तेव्हा नऊ वर्षांची होती.

आता ती अठराची झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. पण तिच्याजवळ होता तो राहण्याचा परवाना, आणि त्या परवान्यावर विनापरवानगी शहराची हद्द ओलांडायची नाही अशी अट होती. साधं रामटेक, सकाळी जाऊन दुपारी परतावं इतकं जवळ. तिथल्या गडावर तिला एकदा पेटी वाजवायची होती. तेही तिने पाहिलं नव्हतं.

आमच्या वस्तीत वाढलेले चंद्रभानजी राज्यसभेत खासदार झाले होते. माणूस गोड बोलणारा. एका एकादशीला मधल्या थांब्यात ते आले, बुवांना हार घातला आणि माईक हातात घेतला. "ही सोनिका आपली लेक आहे," ते म्हणाले. "हिचा कागद झाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही." टाळ्या वाजल्या. यमुताईंनी ते वाक्य जसंच्या तसं माझ्या डाव्या पानावर उतरवलं. उत्तररंग सुरू होण्याआधीच चंद्रभानजींची गाडी निघून गेली.

त्या दिवसापासून माझं काम वाढलं. यमुताईंनी माझ्या मागच्या बाजूने नवीन पानं उघडली. चंद्रभानजी बाहेरून आलेल्या लोकांबद्दल जे बोलतील ते डाव्या पानावर. त्यांनी सभागृहात जे मत दिलं ते उजव्या. तबल्यावर बसणारे मुकुंदराव मोबाइलवर शोधून देत.

डावी पानं भराभर भरली. एका सभेत ते म्हणाले, "आसऱ्याला आलेला देवासारखा." दुसऱ्या गावच्या सभेत म्हणाले, "बाहेरचे येतात आणि आपल्या पोरांच्या नोकऱ्या खातात." यमुताईंनी दोन्ही वाक्यं लिहिली. दोन्ही एकाच शाईत.

उजव्या पानांचं मात्र अवघड होतं. परदेशी लोकांची नोंदणी सोपी करणारा एक कायदा आला, तो आवाजी मतदानाने मंजूर झाला. म्हणजे सगळ्यांनी मिळून 'होय' किंवा 'नाही' म्हणायचं, अध्यक्षस्थानी बसलेल्यांनी आवाज ऐकून निकाल द्यायचा. कोण काय म्हणालं याची नोंद राहत नाही. यमुताईंनी लिहिलं : 'आवाजी. नाव नाही.' मग निर्वासितांच्या छावण्यांतल्या लोकांच्या मदतीचा ठराव आला. त्यावर नावं घेऊन मतदान झालं, पण त्या यादीत चंद्रभानजी नव्हते. 'गैरहजर.' पुढे पुन्हा 'आवाजी.' तीन वर्षांत माझ्या उजव्या पानांवर 'बाजूने' हा शब्द एकदाही आला नाही.

मुकुंदराव चिडवत. "यमुताई, तुमच्या खासदाराचा पूर्वरंग तर लय रंगते. आख्यानाले बुवा जागेवरच नसते!"

"असं नोका बोलू, मुकुंदराव. गर्दीत म्हटलं असंन 'होय'. आपल्याले कसं ऐकू येईन?"

मित्रांनो, माझ्या कोऱ्या जागा त्यांनी अशा मायेने भरल्या. मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं, की ताई, कोरं ते कोरंच आहे. पण वहीला बोलता येत नाही. तिला फक्त उघडता येतं, तेही कुणी उघडलं तर.

मग तो बुधवार आला. ठरलेली तारीख पुढे न्यावी, उशिरा आलेल्यांनाही कागद मिळावा, अशी एक दुरुस्ती राज्यसभेत मांडली गेली होती. यमुताई, तोलारामजी आणि सोनिका टीव्हीसमोर बसली. चंद्रभानजी बोलायला उभे राहिले. त्यांनी सोनिकाची गोष्ट सांगितली. आजीचे बारा दिवस सांगितले, अकरा दिवसांचा उशीर सांगितला. बोलताना त्यांचा आवाज भरून आला. तोलारामजींनी डोळ्यांना रुमाल लावला. मतदान दुसऱ्या दिवशी होणार होतं.

यमुताईंनी मला उघडलं. डाव्या पानावर भाषण लिहिलं. आणि मग त्यांचा पेन शिवण ओलांडून उजव्या पानावर आला. मी हादरले. मतदान झालंच नव्हतं! पण त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'बाजूने.' आणि खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रामटेकला बुवांचं कीर्तन होतं. सोनिकाने हद्दीबाहेर जाण्याची परवानगी महिन्याआधी मागितली होती. उत्तर आलं नव्हतं.

"मावशी, परवानगी नाही आली," ती सकाळी म्हणाली.

"आता कायची परवानगी वं? हे पाह्य." यमुताईंनी तिला माझं उजवं पान दाखवलं. "संध्याकाळी मतदान होईन. आज तुले गडावर पेटी वाजवू दे. मी आहो ना."

मुकुंदराव दारात तबला घेऊन उभे होते. "यमुताई, अजून आख्यान लागलं नाही अन् तुम्ही आरती करून राहिल्या! कायदा झाला तरी कागद हातात यावा लागते."

"रामाच्या दारी जाऊन राहिलो, मुकुंदराव. चोरीले नाही."

सोनिका माझ्याकडे पाहत होती. तिने त्या शब्दावरून एकदा बोट फिरवलं आणि मग पेटी उचलली.

गडावर तिने पेटी काय वाजवली म्हणून सांगू! वारा होता, खाली भाताची खाचरं पसरलेली होती, आणि तिच्या बोटांखालून सूर असे येत होते की बुवा मध्येच थांबून म्हणाले, "वा, बेटा!" कुणीतरी फोटो काढला. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या एकाही पानावर लिहिलेलं नाही, पण मला ते पाठ आहे.

शुक्रवारच्या वर्तमानपत्रात तो फोटो छापून आला. 'सिंधहून आलेल्या सोनिकाची पेटी रामटेकच्या गडावर.' कौतुकच होतं ते. त्याच पानावर, कोपऱ्यात, चार ओळी होत्या. दुरुस्ती फेटाळली गेली. या वेळी मतदान नावं घेऊन झालं होतं. मुकुंदरावांनी मोबाइलवर यादी उघडली. बाजूने मत देणाऱ्यांची नावं त्यांनी सावकाश वाचली. मग विरोधातली वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"वाचा ना," यमुताई म्हणाल्या.

"तुम्हीच पाहा, ताई."

यमुताईंनी पाहिलं. यादीत चंद्रभानजींचं नाव होतं. विरोधात.

त्यांनी मला उघडलं. 'बाजूने'वर काट मारायला पेन टेकवला, पण हात हलेना. शाईचा एक थेंब तिथेच पसरला. तो डाग अजून आहे.

आठ दिवसांनी परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं. तोलारामजी मला छातीशी धरून सोनिकाला घेऊन गेले. टेबलाच्या पलीकडे एक अधिकारी बाई होत्या. त्यांच्यासमोरच्या फाइलमध्ये तेच कात्रण लावलेलं होतं. कौतुकाचं.

"मॅडम, गलती हमारी है," तोलारामजी म्हणाले. "पण हे बघा, इथं लिहिलं होतं. खासदार साहेब बाजूने. आम्हाला वाटलं, झालं."

बाईंनी मला वाचलं. मनापासून वाचलं. एक पान उलटून मागचंही वाचलं. मग मला हलकेच बंद केलं.

"काका, कोणी इतकं नीट लिहिते हे मी पहिल्यांदा पाहून राहिली. पण हा सरकारी कागद नाही. मले हद्द ओलांडल्याचा शेरा लिहावा लागते. आता सुनावणी होईन."

"मंग हिचा कागद?"

"सुनावणीनंतर पाहू."

मी त्या टेबलावर पडून होते. माझ्यात तीन वर्षांचं सगळं खरं होतं, फक्त एक शब्द खोटा होता. आणि लेकराने विश्वास ठेवला तो नेमक्या त्याच शब्दावर.

यमुताई मग मला घेऊन चंद्रभानजींच्या घरी गेल्या. त्यांनी चहा दिला, तब्येत विचारली. यमुताईंनी मला त्यांच्यासमोर सपाट उघडलं.

"ताई," ते म्हणाले, "बोलणं माझं होतं. मत पक्षाचं होतं. पक्षाचा आदेश असते, मोडला तर जागा जाते."

"मंग तुमचं मत कुठं असते, भाऊ?"

ते थोडं हसले. "मनात असते ना, ताई."

मनासाठी माझ्यात पान नाही, मित्रांनो. एक डावं आहे आणि एक उजवं.

"मी कचेरीतल्या साहेबांना फोन करतो," ते म्हणाले. यमुताईंनी तेही डाव्या पानावर लिहिलं. समोरची जागा आजही रिकामी आहे.

त्या दिवसापासून यमुताई सोनिकाशी बोलताना खाली पाहू लागल्या. एकदा म्हणाल्या, "माह्यानं चुकलं वं. मी न ऐकता लिहिलं." सोनिकाने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, गड तर पाहिला ना मी." यावर यमुताई रडल्याच.

वर्ष गेलं. सुनावणीची तारीख तीनदा पुढे ढकलली गेली. रामनवमीच्या कीर्तनात मधल्या थांब्याला चंद्रभानजी आले. हार घातला. माईक घेतला. "या लेकीसाठी मी सभागृहात उभा राहून बोललो," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. ते खरंच होतं, बोलले होते.

तेव्हा यमुताई उठल्या. मला दोन्ही हातांवर उघडं धरून पुढे गेल्या. "भाऊ, पुढचंही सांगा," त्या म्हणाल्या. "मत कोणतं दिलं तेही सांगा लोकायले." पण त्याच क्षणी मंडपात नामाचा गजर सुरू झाला. टाळ, तबला, शंभर गळे. आणि पेटी. सोनिकाला थांबता येत नव्हतं. गजरात पेटी सोडत नाहीत. ती यमुताईंकडे पाहत होती, तिचे डोळे वाहत होते, आणि तिचाच हात भाता ओढत यमुताईंचा आवाज बुडवत होता.

चंद्रभानजी गाडीकडे निघाले. वाटेत यमुताई उभ्या होत्या, हातांवर मी. लाल कापड पाहून त्यांना वाटलं, पोथी आहे. त्यांनी वाकून माझ्या उघड्या पानाला बोटं लावली, बोटं कपाळाला लावली आणि पुढे गेले. बोटं टेकली होती नेमकी उजव्या पानावर, त्या डागाच्या शेजारी. वाचलं नाही. बुक्क्याचं काळं बोट तेवढं उमटलं.

मित्रांनो, मी वही. मला पाय नाहीत, आवाज नाही. माझ्याजवळ दोन पानं आहेत, तेवढंच माझं बळ. एवढंच मागते, की पूर्वरंग ऐकून उठून जाऊ नका. टाळ्या वाजवून झाल्यावर थोडं थांबा आणि उजवं पान मागा. आणि त्यावर प्रेमापोटीसुद्धा आधी काही लिहू नका. ज्याच्यासाठी लिहाल, त्याचंच नुकसान होतं.

काल यमुताईंनी मला पुन्हा खाली काढलं. डाव्या पानावर त्यांनी सोनिकाच्या सुनावणीची चौथी तारीख लिहिली. मग पेनाला टोपण लावलं आणि मला पिशवीत ठेवलं. खाली सोनिका पेटी उघडून बसली होती.

उजवं पान कोरं आहे. मी ते तसंच धरून ठेवलं आहे.