मऊ अस्तराची कवळी

"आप्पाला आताशा आईचं दूध पाजलं तरी आंबूसच लागंल."

सारजाबाई हे स्वतःशीच पुटपुटली. पण पुटपुटताना ती मुंजाजीच्या कानापासून वीतभर अंतरावर होती, आणि मुंजाजीचे दात गेले होते, कान नव्हते. त्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. झाकणातलं थोडं दूध पुन्हा एकदा जिभेवर घेतलं, टाळूला लावून पाहिलं आणि बाजूला थुंकून टाकलं.

"आंबूस हाय," तो म्हणाला.

"आत्ता काढलंय, आप्पा. किटलीला हात लावून बघा, कोमट हाय अजून."

"कोमट असंल. पर आंबूस हाय."

धर्मापुरीच्या अलीकडच्या त्या गावात दूधसंस्था निघाली तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, मुंजाजी हेच काम करत आला होता. फॅट किती ते मशीन सांगतं, पाणी किती ते लॅक्टोमीटर सांगतो. पण दूध नासायच्या वाटेला लागलंय का, हे मुंजाजीची जीभ सांगायची. एका किटलीपायी चाळीस लिटरचा अख्खा कॅन जातो. तीस वर्षांत शीतकरण केंद्रावरून या गावाचा एकही कॅन परत आला नव्हता. जिभेखेरीज त्याचा कायदा एकच होता. प्लास्टिकच्या डब्यातलं दूध तो घ्यायचा नाही. "प्लास्टिकला वरखडे पडतेत. कालचं दूध त्यात दडून बसतं अन् आजच्याला नासवतं," हे त्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की गावातली पोरं त्याची नक्कल करायची.

सारजाबाई जागची हलली नाही. तिची म्हैस चारा छावणीतून आणलेल्या उसाच्या वाळक्या वाढ्यांवर कशीबशी दोन लिटर देत होती. ते वाढे आणायला ती दोन कोस चालत जायची आणि दोन कोस परत यायची. तिने किटली उचलली, सगळ्यांसमोर तोंडाला लावली आणि गटागटा चार घोट प्याली.

"हे बघा. मेले तर तुमच्याच दारात मरते. सरण तेवढं नीट रचा."

पदराने तोंड पुसून ती निघून गेली. रांग हसली. मशीनवर बसलेला सचिव बंकट हसला नाही. ती निघताना तिच्या किटलीतलं चमचाभर दूध त्याने परीक्षानळीत घेतलं होतं. आता त्याने ते स्पिरीटच्या दिव्यावर धरलं. उकळी आली, दूध फुटलं नाही. त्याने नळी विसळून उलटी ठेवली आणि पुढचं नाव पुकारलं. रांग पांगली की हाच बंकट मागच्या दाराने सारजाबाईचं दूध घेणार, हेही मुंजाजीला ठाऊक होतं. आपण परत लावलेलं दूध तो असं घेण्याची या आठवड्यातली ही तिसरी खेप होती.

दोन वर्षांत बंकट मुंजाजीला उणा शब्द बोलला नव्हता. त्याच्या घरून रोज दोन भाकरी फडक्यात बांधून यायच्या. एवढं चांगलं कुणी वागायला लागलं की माणसाला जरा भीतीच वाटते.

घरी येऊन मुंजाजीने भाकरी दुधात कुस्करली. तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची, म्हणून महिनाभर हेच चाललं होतं. आणि ते दूधही आंबूसच लागत होतं. घरचं, बाहेरचं, कालचं, आत्ताचं, सगळं एकजात. जगातलं सगळंच दूध एकदम कसं नासेल, हा साधा हिशेब त्याला येत नव्हता असं नाही. तो मांडत नव्हता इतकंच. जीभ गेली तर काम जाणार. आणि सकाळ-संध्याकाळची ती रांग गेली तर दिवसभरात त्याला "आप्पा" म्हणणारं कोण उरणार?

कवळी त्याला साखर कारखान्याच्या मोफत शिबिरात मिळाली होती. हिरड्या झिजलेल्या, कडक कवळी टोचायची. म्हणून दुसऱ्या शिबिरात तिला आतून मऊ अस्तर लावून दिलं. त्या दिवशी त्याची बायको मनकर्णा म्हणाली होती, "दातांना गादी, अन् मला निस्ती सतरंजी!" अस्तर वर्षाने बदलायचं, असं शिबिरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या वर्षी पाण्यावाचून ऊस जळाला. ऊस नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून शिबिर नाही. गादी तीच राहिली. मनकर्णा होती तोवर रोज कवळी घासून वाटीत पाण्यात ठेवायची. टँकर चार दिवस आला नाही तरी तेवढ्या वाटीभर पाण्याला तिने कधी हात आखडला नाही.

दोन वर्षांमागच्या त्या दुपारीही कवळी वाटीतच होती. मनकर्णा गोठ्यात कोसळली तसा मुंजाजी धावत सुटला. संस्थेच्या ओट्यावर चौघं-पाच जण पत्ते खेळत बसले होते. "जीप काढा, हिला धाप लागलीया," हे तो जीव तोडून ओरडत होता आणि बोळक्या तोंडातून नुसती फसफस बाहेर पडत होती. कुणीतरी हसलं. "आप्पा, भरदुपारीच टाकली व्हय?" कुणीतरी म्हणालं. मग सगळेच हसले. एकाचा हात धरून त्याने गोठ्यापर्यंत ओढत नेलं, तेव्हा हसणं थांबलं. पुढे दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की लवकर आणली असती तरी फरक पडला नसता. डॉक्टर चांगले होते.

त्या दुपारबद्दल गावात कुणी बोललं नाही. पहिलं कोण हसलं, हे आठवायचं मुंजाजीनेही कधी मनावर घेतलं नाही. गावात राहायचं तर काही गोष्टी न आठवलेल्याच बऱ्या. त्याने एवढंच केलं की त्या दिवसापासून कवळी तोंडातून काढली नाही. जेवताना नाही, निजताना नाही.

सारजाबाई ते दूध प्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने बंकटला सांगितलं, "उद्या परळीला जातो. काम हाय जरा." बंकटने काय काम ते विचारलं नाही.

परळीच्या दवाखान्यात दातांची डॉक्टरीण होती, सिरसाळ्याकडची, त्याच्या पुतणीएवढी. "काका, कवळी काढा," असं तिला तीनदा म्हणावं लागलं. काढली तेव्हा ती जरा मागे सरकली आणि मग आपणच ओशाळून पुढे आली. तिने आरसा धरला. टाळू लालभडक झाली होती, आणि लाली कशी, तर कवळीच्या मापाची, छापा मारल्यासारखी. कडेने नासक्या दुधासारखे पांढरे ठिपके.

"बुरशी आहे. रात्री काढून ठेवत नाही का?"

मुंजाजीने मान हलवली.

"का बरं?"

त्याने छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"हे बघा," तिने चिमट्याने कवळी उलटी केली. अस्तर काळपट, भुसभुशीत झालं होतं. "बाहेरचं गुलाबी प्लास्टिक कडक असतं, गुळगुळीत. बुरशी त्याच्यावरही बसते, पण घासलं की बरीचशी निघते. हे मऊ असतं ना, ते जुनं झालं की स्पंजासारखं होतं. बुरशी आत शिरून मुळं धरते. मग वरून कितीही घासा. कॉलेजात आम्ही दोन्हीचे तुकडे काचेच्या बशीत ठेवून बघितले होते. कडक तुकड्यावर चार ठिपके, आणि मऊ तुकड्यावर नुसता गालिचा!"

मुंजाजी कवळीकडे बघत राहिला. तीस वर्षं त्याने दारातून प्लास्टिकचे डबे माघारी लावले होते. सारजाबाईच्या सासूचा तर एकदा लाथेने उडवला होता. आणि सगळ्यांत नासका डबा तो स्वतःच्या तोंडात घेऊन बसला होता.

"तोंडाची चव जाते का, काका?"

त्याने मान डोलावली.

"येईल. अस्तर काढून टाकते. आता कडकच वापरायची, थोडी टोचेल. पण पंधरा दिवस कवळी माझ्याकडे राहू दे. औषध लावा, टाळूला हवा लागू दे."

एस्टीत तो तोंडाला उपरणं लावून बसला. कंडक्टरला गावाचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा त्याने खिशातलं सकाळचं तिकीट काढून दाखवलं.

पंधरा दिवस घरातच काढायचे, असं त्याने ठरवलं होतं. सकाळी कॅन खणखणले आणि चार घरं पलीकडून रांगेची कुजबुज ऐकू आली. भिंतीकडे तोंड करून तो थोडा वेळ पडून राहिला. मग उठला.

रांगेने सरकून त्याला वाट दिली. उपरणं अजून तोंडावर होतं. सारजाबाई तिसरी होती. तिने किटली दणकन पुढे ठेवली, "घ्या, करा आंबूस." मुंजाजीने झाकणात दूध ओतलं, पण तोंडाला लावलं नाही. झाकण बंकटकडे सरकवलं आणि तोंडावरचं उपरणं खाली ओढलं.

"शारजाबाई," तो म्हणाला, "धूध शांगलं हाय तुझं. थोंड नाशलंय माझं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग रांगेतला सिदू फिस्सकन हसला. त्याच्या मागचा हसला. सारजाबाईनेही पदर तोंडाला लावला. वाईट हसणं नव्हतं ते. पडलेल्या गालांचा, आत ओढलेल्या ओठांचा मुंजाजी दिसतच तसा होता, आणि त्यालाही वाटलं, हसावं आपणही.

"हसू नका."

बंकटने मशीन बंद केलं होतं. घरघर थांबल्यावर त्याचा आवाज नको इतका मोठा वाटला. झाकण त्याच्या दोन्ही हातांत होतं. मुंजाजीकडे तो बघत नव्हता, झाकणातल्या दुधाकडे बघत होता.

"त्या दुपारी पयलं मी हसलतो, आप्पा," तो म्हणाला. "तुमी जीप म्हणत व्हता. जीप माझ्या मागंच उभी व्हती."